ओवाळणीचें लाटणें

दिवाळी जवळ आली कीं घरोघर देण्याघेण्याच्या याद्या होऊं लागतात. मुलींना काय, जांवयांना काय, भाऊबिजेस ओवाळणींत काय घालावयाचें, याचा खल माजघरांत बरेच दिवस चालतो आणि शेवटीं पाकिटांत नोटा घालून सर्वांची सुटका होते. आमच्या घरींही तसेंच चाललें होतें. आमची वडील बहीण, जिला सारें घर आक्का म्हणतें, आमचें पाकीट डोळ्यांस लावी आणि दुसऱ्या दिवशीं त्यांतील रक्कम आमच्याच नातवंडांच्या हातांवर ठेवी. गेल्या वर्षीं आम्हीं ठरविलें कीं, या खेपेस आक्काला असें वाटून टाकतां येणार नाहीं, असें कांहींतरी द्यावयाचें.

त्यास कारणही घडलें होतें. आक्काच्या बोटांचे सांधे तीन वर्षांपासून सुजतात. होळीस ती पुरणपोळ्या करावयास बसली, तेव्हां बारीक मुठींचें लाटणें तिच्या बोटांत ठरेना. दोन पोळ्या झाल्यावर तिनें तें मुकाट्यानें सूनबाईंच्या हातीं दिलें. जिच्या हातची पोळी खाण्याकरितां पाहुणे मुक्काम वाढवीत, ती आक्का त्या दिवशीं पोळ्या मोजीत बाजूस बसून राहिली. बाजारांत आम्हीं पुष्कळ शोध केला. जाड मुठींचीं लाटणीं मिळेनात, आणि मिळालीं तीं सबंधच जाड. तेव्हां आपणच तें कातावें, असें मनानें घेतलें.

येथें एक कबुली दिली पाहिजे. १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगास शिक्षणाच्या मध्यभागीं बसविलें, हें आम्हीं वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतलें. आणि परीक्षा जवळ आली म्हणजे हस्तव्यवसायाचा तास संस्कृतासाठीं मागूनही घेतला. त्यामुळें साठी उलटल्यावर पटाशी हातीं धरली तेव्हां ती कोणत्या बाजूनें धरावी, येथपासूनच प्रारंभ होता.

आमच्या गांवीं नदीकडच्या बोळांत पोळपाट-लाटणीं कातणारे एक कातारी आहेत. वयानें आम्हांहून वीस वर्षांनीं लहान. पहिल्या दिवशीं त्यांनीं आम्हांस लेथपाशीं येऊंच दिलें नाहीं. “गुरुजी, धोतर चालायचें नाहीं. अंगठी काढून ठेवा, उपरणें खुंटीला, आणि गळ्यांतलें आंत खोंचा,” एवढाच पाठ झाला. फिरत्या लाकडानें सैल कपड्याचें टोंक धरलें तर माणूस सोडवूं म्हणेपर्यंत हात आंत जातो. हातमोजे घातल्यानें बोटें वांचतील असा आमचा समज होता. मोजा अडकला तर हातही त्याच्याबरोबर ओढला जातो, हें तेथें कळलें. डोळ्यांवर मात्र चष्म्याच्या वरून आडोसा हवा, आणि घासकाम करतांना नाकातोंडावर फडकें.

इतर सुतारकामांत लाकूड स्थिर असतें व हत्यार चालतें; लेथवर त्याच्या उलट. लाकूड दोन सुळ्यांच्या मध्यें धरलेलें असून गरगर फिरतें आणि टेकणावर ठेवलेली पटाशी त्याला तासते. पूर्वी दोरी गुंडाळून, कामठ्यानें मागेंपुढें ओढून लाकूड फिरवीत. तेव्हां एका दिशेच्या फेऱ्यांतच कातकाम होई, परतीचा फेरा फुकट जाई. आतां विजेची मोटर आहे. यंत्राची कल्पना मात्र फार जुनी. संस्कृतांत त्यास भ्रम, भ्रमि, कुंद अशीं नांवें आहेत. सूर्यपत्नी संज्ञेस पतीचें तेज सोसवेना, म्हणून तिचा पिता विश्वकर्मा यानें जांवयालाच भ्रमीवर चढवून त्याचें तेज तासलें, आणि त्या ढलप्यांतून विष्णूचें चक्र व शिवाचा त्रिशूळ घडविला, ही विष्णुपुराणांतील कथा आम्हीं किती तरी वेळां सांगितली असेल. रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत कालिदासानेंही तिचा उपयोग केला आहे. मुलीच्या सुखासाठीं बाप लेथपाशीं उभा राहिला, हें शिकवितांना आमच्या कधीं ध्यानांत आलें नव्हतें.

आमचें पहिलें लाटणें आषाढांत झालें. लाकूड बाभळीचें, नुकतेंच तोडलेलें. ओलें लाकूड लोण्यासारखें कापलें जातें, लांब लांब ढलप्या उडतात, आणि नवशिक्यास वाटतें कीं आपणांस विद्या आली. आम्हीं तें मोठ्या डौलानें देवघराच्या फळीवर ठेविलें. पाऊस सरून ऊन पडल्यावर पाहतों तों लाटणें अंडाकृति झालेलें! लाकूड वाळतांना लांबींत जवळ जवळ आटत नाहीं. पण गाभ्याकडून सालीकडे जेवढें आटतें त्याच्या सुमारें दुप्पट वर्तुळरेषांच्या दिशेनें आटतें, म्हणून गोल वस्तूची गोलाई राहत नाहीं. नातवानें तें पोळपाटावर फिरवून पाहिलें. प्रत्येक फेऱ्याला तें दोनदां उडी मारी.

दुसऱ्या खेपेस पडवीच्या जुन्या सागवानी तुळईचा तुकडा घेतला. पिढ्यान्‌पिढ्या वाळलेल्या लाकडास आतां काय व्हावयाचें आहे? तथापि जुन्या लाकडांत खिळे लपलेले असतात. आधीं लोहचुंबक फिरवून पाहावा. शिवाय सागवानांत वाळूच्याच जातीचें सूक्ष्म द्रव्य असल्यामुळें धार लवकर बोथटते, आणि दर थोड्या वेळानें सहाणेकडे जावें लागतें. तुकडा ४० सेंटिमीटर लांब व ५ सेंटिमीटर चौरस कापला. दोन्ही टोकांवर कर्ण आंखून मध्य काढला (भूमिति एवढी कामास आलेली आम्हीं कधीं पाहिली नव्हती), रंध्यानें चारी कडा मारून अठपैलू केला आणि लेथवर चढविला. टेकण लाकडाशीं अगदीं जवळ आणून, लाकूड प्रथम हातानें फिरवून तें कोठें आदळत नाहीं ना हें पाहावें, मगच कळ दाबावी.

मुख्य मर्म एकच, आणि तें आमच्या हातांत यावयास दोन महिने लागले. धार एकदम लाकडांत घालावयाची नाहीं. पटाशीच्या धारेमागची उतरती पाठ आधीं फिरत्या लाकडास टेकवावी. ती नुसती घासत राहते, कापीत नाहीं. मग मागची मूठ हळूंहळूं उचलावी, म्हणजे धार आपोआप लाकडास लागते. उतावळेपणानें तिरक्या पटाशीचें टोंक रुतलें, तर क्षणांत लाकडावर खोल नागमोडी चर पडतो. असे तीन तुकडे आम्हीं चुलीकडे पाठविले.

मुठीचें माप कसें घ्यावें ही अडचण होती, कारण आक्काला सुगावा लागूं द्यावयाचा नव्हता. गणपतीच्या दिवसांत नातवंडांनीं शाडू मळला होता. त्याचा एक रूळ आक्काच्या हातांत देऊन “जरा दाब पाहूं, फार ओला आहे काय?” असें विचारलें. तिनें दाबला, आणि तिच्या बोटांना किती जाडी पेलते तें शाडूवर उमटलें. मूठ सुमारें ३ सेंटिमीटर भरली. तयार लाटण्याची निम्मीच असते.

नातवासाठीं भोवराही केला, आणि भाचीसाठीं कुंकवाचा करंडा आरंभला; पण पोकळी कोरून घट्ट बसणारें झांकण करणें नवशिक्याचें काम नव्हे. भोवऱ्यास लाख दिली. सावंतवाडीच्या खेळण्यांची झळाळी ज्यानें येते, तीच ही रीत: फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबावी, घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून चिकटते, आणि वरून केवड्याचें पान दाबून धरलें म्हणजे आरशासारखी चकाकते. लाटण्यास मात्र कांहींच लाविलें नाहीं. रंगाच्या दुकानांत उकळलेलें जवसतेल म्हणून जें मिळतें, त्यांत लवकर वाळावें म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. स्वयंपाकघरांत तें नको. टेकण काढून पॉलिशपेपरनें घासलें आणि शेवटीं त्याच सागाच्या ढलप्या मुठींत घेऊन फिरत्या लाटण्यावर दाबल्या, तेवढ्यानें पुरेसें तेज आलें. टोंकांवरील सुळ्यांच्या खुणा पुसून टाकाव्या असें आम्हांस वाटत होतें. कातारी म्हणाले, “राहूं द्या.”

भाऊबिजेस आक्कानें ओवाळलें आणि आम्हीं तबकांत लाटणें ठेविलें. तिनें तें उलटसुलट पाहिलें, कोणीं केलें तें विचारिलें नाहीं. तबक खालीं ठेवून ती सरळ स्वयंपाकघरांत गेली, मळलेल्या कणकेचा गोळा घेऊन पोळपाटावर लाटूं लागली. पोळी गोल झाली. सर्व मंडळी दाराशीं उभी होती.

“अरे, उजवी मूठ बरी आहे,” ती म्हणाली. “डावी जराशी बारीक कर. अंगठा पुरत नाहीं.”

खुणा कां ठेविल्या होत्या तें तेव्हां कळलें. कातारी दिवाळीकरितां गांवीं गेलेले होते. ते परतल्याचें समजलें त्याच दिवशीं आम्ही लाटणें घेऊन पुन्हां बोळांत गेलों.