आकडा खरा, प्रश्न वेगळा

मुंबईचे मनीष मार्केट असो की पुण्याची तपकीर गल्ली, मोबाइलची कव्हरे आणि स्क्रीन गार्ड विकणाऱ्या दुकानांत भाषा एकच चालते: ‘९एच’, ‘मिलिटरी ग्रेड’, ‘शॉकप्रूफ’, ‘अँटी-रेडिएशन’. ती ऐकून गिऱ्हाइकांचे दोन तट पडतात. पाकिटावर छापले आहे म्हणजे खरेच असणार, असे मानून एक जण जास्तीचे पैसे मोजतो. सगळीच बनवाबनवी, असे म्हणून दुसरा हाताला लागेल ती स्वस्त वस्तू उचलतो. दोघांचेही चुकते. यातले बरेच दावे अक्षरशः खरे असतात. त्यांच्यामागे खरी चाचणी आणि खरे मानक असते. मात्र ती चाचणी ज्या प्रश्नाचे उत्तर देते, तो प्रश्न गिऱ्हाइकाने विचारलेलाच नसतो. (काही दावे निव्वळ पोकळही असतात. ‘११डी’ किंवा ‘२१डी’ ग्लासमधल्या ‘डी’मागे कसलेही माप नाही, आकडा वाढवायला छपाईखेरीज काहीही लागत नाही. त्यांना इथेच सोडून देऊ.)

सगळ्यात जास्त गैरसमज ‘९एच’चा आहे. खनिजांची कठीणता मोजणारी मोह्सची श्रेणी शाळेत शिकवली जाते. तीत हिरा १० वर आहे. साहजिकच ९ म्हटले की स्क्रीन गार्डची काच हिऱ्याच्या खालोखाल कठीण, अशी समजूत होते आणि विक्रेते ती खोडून काढायच्या भानगडीत पडत नाहीत. प्रत्यक्षात हा ‘एच’ पेन्सिलीचा आहे, चित्रकलेच्या तासाला वापरतात त्या एचबी, २एच, ४एचच्या कुळातला. रंग आणि वार्निश यांचा वाळलेला थर किती टणक झाला हे पाहण्यासाठी पेन्सिलीचे टोक ४५ अंशांच्या कोनात, ठरावीक भार देऊन त्यावरून सरकवतात. ज्या सर्वांत कठीण पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, ती त्या थराची श्रेणी. ९एच ही या मालिकेतली सर्वांत कठीण पेन्सिल. पण पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. त्याने खिडकीच्या साध्या काचेवरही ओरखडा पडत नाही. म्हणजे ९एचचा शिक्का खरा आहे, फक्त तो कोणत्याही काचेला मिळू शकतो. मोह्सच्या श्रेणीत काच साधारण साडेपाचच्या आसपास येते आणि वाळूतले क्वार्ट्झ सातवर. खिशातली पितळी चावी काचेपेक्षा मऊ असल्यामुळे तिचे भय अवास्तव आहे. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या किनाऱ्यावरून फिरून आल्यावर खिशाच्या तळाशी उरलेले वाळूचे चार कण मात्र ९एच काचेवर आरामात रेघा ओढतात.

मग टेम्पर्ड ग्लास लावूच नये का? लावावी, पण कशासाठी ते समजून. जमिनीवर फोन पडतो, वरची ग्लास तडकते, खालचा स्क्रीन शाबूत राहतो. लगेच निष्कर्ष निघतो की ग्लासने वार स्वतःवर झेलला. हा पुरावा दिसतो तितका भक्कम नाही. गार्डची काच जेमतेम तृतीयांश मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्या कापलेल्या कडा फोनच्या काचेइतक्या सफाईने घासलेल्या नसतात. त्यामुळे ज्या धक्क्याने फोनच्या स्वतःच्या काचेला काहीही झाले नसते, अशा धक्क्यानेही गार्ड तडकू शकते. ते तडकले म्हणून स्क्रीन फुटणारच होता, असे सिद्ध होत नाही. फोनची काच मुळात तयारीची असते: वितळलेल्या पोटॅशियम क्षारात ती बुडवली की तिच्या पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर पडतात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीने बसतात आणि पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. तडा पसरायचा तर आधी हा दाब ओलांडावा लागतो.

गार्डचा खरा उपयोग इथे सुरू होतो, आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. काच तिच्या सैद्धांतिक ताकदीच्या कितीतरी खालीच का फुटते, याचे उत्तर ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने १९२१ साली दिले. काचेवरच्या सूक्ष्म ओरखड्यांच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तडा तिथून धावतो. वर्षभर वाळूधुळीत वावरलेल्या उघड्या स्क्रीनवर असे असंख्य ओरखडे साठतात आणि त्यांतला एखादा खोल गेला की पुढच्या पडण्यात काच तिथूनच जाते. गार्ड हे ओरखडे स्वतःवर घेते. म्हणजे पडण्याच्या क्षणी मिळणाऱ्या संरक्षणापेक्षा पडण्याआधीच्या महिन्यांत मिळणारे संरक्षण अधिक भरवशाचे आहे. शंभर-दोनशे रुपयांत हे स्वस्तच पडते. त्यासाठी हजार रुपयांची ‘अनब्रेकेबल’ ग्लास घ्यायचे कारण उरत नाही.

आता ‘मिलिटरी ग्रेड’. पाकिटावर बहुधा ‘मिल-एसटीडी-८१०जी’ असे लिहिलेले असते. हे मानक खरोखर अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे आहे. त्याची पहिली आवृत्ती १९६२ची, ‘जी’ आवृत्ती २००८ची आणि त्यानंतरची ‘एच’ २०१९ची. उपकरणे उष्णता, दमटपणा, खारी हवा, कंपने यांत टिकतात का, हे कसे तपासावे याचा तो जाडजूड ग्रंथ आहे. फोनचे कव्हर विकणारे त्यातली एकच चाचणी उचलतात, पाडण्याची. वस्तू १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडायची. २६ का? कुठल्याही खोक्याला सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे असतात, प्रत्येकावर एकदा. इथपर्यंत सगळे चोख. पण ‘जी’ आवृत्तीत ही वस्तू पडते ती काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंच जाडीच्या प्लायवूडवर आणि हे २६ आघात पाच नमुन्यांत वाटून घ्यायलाही मुभा आहे. शिवाय हे सगळे करून घेतल्यावर प्रमाणपत्र देणारी कोणतीही लष्करी यंत्रणा नाही. कव्हरवाल्याने स्वतः चाचणी केली आणि स्वतःच उत्तीर्ण झाल्याचे छापले, तरी तो काही खोटे बोलत नसतो. आपला फोन मात्र पडतो कोटा फरशीवर, रेल्वेच्या फलाटावर किंवा खडी उघडी पडलेल्या डांबरी रस्त्यावर. तिथे एखादा टोकदार खडा थेट काचेला भिडला तर कोपऱ्यांवरच्या जाड गाद्या बिचाऱ्या काय करणार? या चाचणीत असा खडा कुठेच नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: कव्हरमुळे फोन वाचल्याची उदाहरणे तर घरोघरी आहेत. आहेत, आणि कव्हर निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाहीच. एक मीटरवरून सुटलेला फोन जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. धक्का किती बसणार हे तो किती अंतरात थांबतो यावर ठरते. थांबायला मिळणारे अंतर चौपट झाले की सरासरी धक्का चौथाईवर येतो. उघडी काच किंवा धातूची कड कठीण फरशीवर आपटली तर हे अंतर मिलिमीटरच्या अंशात असते. कोपऱ्यावरचे टीपीयू, म्हणजे रबरासारखे मऊ प्लास्टिक, दोनेक मिलिमीटर दबले तरी केवढा फरक पडतो, ते यावरून कळेल. म्हणून कव्हर घेताना पाहण्यासारख्या गोष्टी दोनच: कोपऱ्यांना दबण्याइतकी जाडी आहे का, आणि फोन पालथा पडल्यावर काच जमिनीपासून वर उचलून धरणारी कड आहे का. चकचकीत, कडक, पातळ प्लास्टिकचे कव्हर या दोन्ही कसोट्यांवर नापास होते, मग त्यावर कोणत्याही सैन्याचे नाव असो. आणि घरोघरीच्या उदाहरणांबद्दल एवढेच, की फोन सपाट पडला की कोपऱ्यावर, यावर निम्मा निकाल ठरतो. उघडा फोन सपाट पडून वाचला तर त्याची गोष्ट कुणी सांगत बसत नाही.

खरी चाचणी चुकीच्या जागी नेऊन बसवण्याचा कळस पाहायचा असेल तर रेडिएशनविरोधी स्टिकर पाहावेत. यांच्या जाहिरातीत ९९ टक्क्यांचा आकडा असतो आणि तो साफ खोटा असेलच असे नाही. धातूचे धागे विणलेला कापडाचा तुकडा प्रयोगशाळेत रेडिओलहरी खरोखर अडवू शकतो. पण लहरी अख्ख्या फोनमधून बाहेर पडतात आणि तुकडा चिकटवायचा असतो कान लावायच्या जागी. असे पट्टे विकणाऱ्या दोन कंपन्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ साली कारवाई केली ती याच मुद्द्यावर. उलट अँटेनाच्या वाटेत धातू आणला की फोनला टॉवर नीट सापडत नाही आणि संपर्क टिकवण्यासाठी तो आपली शक्ती वाढवतो. म्हणजे संरक्षणासाठी लावलेल्या स्टिकरने उत्सर्जन वाढण्याचीच शक्यता. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनसाठी शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून प्रत्येक किलोग्रॅममागे १.६ वॅट इतकी, एक ग्रॅम ऊतीवरच्या सरासरीने, बांधलेली आहे. बऱ्याच फोनवर *#०७# दाबले की आपल्या फोनचा आकडा दिसतो. ज्याला तो आणखी कमी हवा, त्याने इअरफोन वापरावा. अंतर वाढले की लहरींची तीव्रता झपाट्याने घटते. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये तर ‘५जी’पासून बचावाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या लॉकेट-कड्यांसारख्या दहा वस्तूंबाबत इशारा दिला होता, कारण त्या वस्तू स्वतःच किरणोत्सारी निघाल्या. फोनच्या लहरी अणूंचे आयनीकरण करत नाहीत. या लॉकेटांतून बाहेर पडणारे किरण ते करत होते.

दावे जसे जागा सोडून जातात, तशीच भीतीही जाते. कव्हरमागे नोट ठेवली की फोनचा स्फोट होतो, हा संदेश दर उन्हाळ्यात फिरतो. लिथियम-आयन बॅटरी पेट घेते ती आतल्या शॉर्टसर्किटमुळे, दबल्या-वाकल्यामुळे, नाहीतर सदोष बनावटीमुळे. सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ने २०१६ मध्ये जगभर धास्ती निर्माण केली, तेव्हाही तपासात दोष बॅटरीतच सापडला. कागदाची एक घडी स्फोट घडवत नाही. पण या अफवेच्या तळाशी एक खरी गोष्ट आहे. जाड कव्हर उष्णता कोंडते आणि उष्णता बॅटरीची क्षमता कायमची खाते. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश सेल्सियस सांगते. विदर्भातला मे महिना या मर्यादेला जुमानत नाही. तिथे गाडीच्या डॅशबोर्डवर, जाड कव्हरात, नकाशा चालू ठेवून आणि चार्जर लावून ठेवलेला फोन फुटणार नाही, पण दोन वर्षांनी दुपारपर्यंतही चार्ज टिकेनासा होईल. चार्जिंगच्या वेळी फोन तापत असेल तर कव्हर काढावे, यात बाकी काही गूढ नाही.

राहता राहिली सजावट. हौसेच्या वस्तूने काही बिघडत नाही, ही समजूत बहुतांशी बरोबरच आहे. पारदर्शक कव्हर पिवळे पडले म्हणून कुणी घासत बसते, तेव्हा फार तर साबण वाया जातो. तो पिवळेपणा मळाचा नसून ऊन आणि उष्णतेने टीपीयूच्या रेणूंत झालेल्या बदलाचा असतो, धुऊन जात नाही. पण सजावटीच्या मागे काय आहे हे न पाहण्याची सवय कधी कधी महागात पडते. तरंगत्या चमकीचे, आत द्रव भरलेले आयफोनचे कव्हर २०१७ मध्ये अमेरिकेत परत मागवावे लागले. सुमारे २ लाख ६३ हजार कव्हरे. ती तडकून आतला द्रव कातडीला लागला आणि काहींना अक्षरशः भाजले. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस १०च्या स्क्रीनवर साधे सिलिकॉनचे कव्हर बसवले की कुणाच्याही बोटाने फोन उघडू लागला, कारण बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर कव्हरच्या आतल्या बाजूची नक्षीच ठसा म्हणून लक्षात ठेवत होता. कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावे लागले. त्याच वर्षी घडीचा गॅलेक्सी फोल्ड परीक्षणासाठी मिळालेल्या काही पत्रकारांनी वरचा प्लास्टिकचा पापुद्रा नेहमीचे संरक्षक आवरण समजून सोलून काढला. तो स्क्रीनचाच भाग होता. फोन बंद पडले आणि विक्री एप्रिलवरून सप्टेंबरवर गेली.

या सगळ्यांत सर्वांत कमी बोलले जाते ते लोहचुंबकाबद्दल. मागे चिकटणारी पाकिटे, अंगठ्या, गाडीतले स्टँड यांतले चुंबक एटीएम कार्डाची चिप बिघडवतात असे मानले जाते. चिपला चुंबकाने काही होत नाही. बिघडू शकते ती कार्डामागची काळी पट्टी. होकायंत्र मात्र भरकटते, म्हणजे नकाशातला बाण उलटीकडे पाहू लागतो. काही फोनमध्ये कॅमेऱ्याचे भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणाही गोंधळते. स्टँडसाठी कव्हरच्या आत लोखंडी पत्रा सरकवला तर वायरलेस चार्जिंग अडते आणि पत्रा तापतो. आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा हृदयाला झटका देणारे डिफिब्रिलेटर बसवलेले आहे, त्यांच्यासाठी हा विषय हौसेचा राहत नाही. चुंबक जवळ आल्यावर विशिष्ट रीतीने वागावे अशीच ही उपकरणे बनवलेली असतात, म्हणजे डॉक्टरांना बाहेरून चुंबक धरून ती तात्पुरती बदलता येतात. शर्टाच्या वरच्या खिशातला चुंबकवाला फोन नेमका तेच करू शकतो. अ‍ॅपलने २०२१ च्या जानेवारीत याबाबत स्पष्ट सूचना दिली: असे फोन आणि त्यांच्या चुंबकी वस्तू या उपकरणांपासून १५ सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवाव्यात, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटरपेक्षा.