बोलणी मराठीत, करार इंग्रजीत : जॉइंट व्हेंचरवर सही करण्याआधी हे शब्द नीट वाचा

मालवण : समजा, तारकर्लीत किनाऱ्याला लागून तुमच्या आठ खोल्या आहेत. मुंबईची एक कंपनी येते आणि म्हणते, 'जागा तुमची, पैसा आमचा, नफा निम्मा-निम्मा.' अंगणात बसून, सोलकढी पीत बोलणी होतात, तीही मराठीत. चार दिवसांनी ई-मेलवर बारा पानांचा मसुदा येतो. तो मात्र पूर्ण इंग्रजीत असतो.

पुढे वाद झाला तर अंगणातले बोलणे कुणी विचारत नाही, कागद विचारतात. होमस्टे असो, स्कूबा असो की कोकमावरची प्रक्रिया, भागीदारीच्या इंग्रजीतले नेमके कोणते शब्द तपासायचे ते समजून घेऊ. त्यासाठी इंग्रजी फाडफाड बोलता येण्याची गरज नाही. मीही इंजिनीअरिंगची चार वर्षे इंग्रजीतून शिकलो, पण 'शॅल' आणि 'मे' यांतला फरक किती महागात पडू शकतो, हे कुणी शिकवले नव्हते.

प्रस्ताव पाठवताना काय लिहावे?

भारतीय करार कायदा, १८७२ नुसार प्रस्ताव समोरच्याने स्वीकारला की त्याचे वचन होते. म्हणजे उत्साहात लिहिलेला मेलही अंगाशी येऊ शकतो. म्हणून सुरुवात 'वी वुड लाइक टू एक्सप्लोअर अ जॉइंट व्हेंचर' अशी करा. अर्थ : आम्हाला शक्यता तपासायची आहे. शेवटी 'सब्जेक्ट टू अ सायन्ड अ‍ॅग्रीमेंट' हे शब्द जोडा. अर्थ : सहीचा करार होईपर्यंत कुणीही बांधील नाही.

मधल्या मजकुरात चारच गोष्टी हव्यात : तुम्ही काय देणार, ते काय देणार, निर्णय कोण घेणार आणि पैसे कधी, कसे वाटले जाणार.

एमओयू म्हणजे करार का?

सामंजस्य करार, म्हणजे एमओयू, बहुतेक वेळा फक्त इरादा सांगतो. याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. नाणार रिफायनरीसाठी ११ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत सौदी अरामको आणि भारतीय तेल कंपन्यांच्या संयुक्त कंपनीत सामंजस्य करार झाला. वर्षाला ६ कोटी टन क्षमता, सुमारे ३ लाख कोटी रुपयांची गुंतवणूक असे आकडे होते. राजापूर तालुक्यासोबत देवगडमधील गिर्ये आणि रामेश्वर ही गावेही त्यात होती. स्थानिकांचा विरोध झाला आणि मार्च २०१९ मध्ये राज्य सरकारने तिथले भूसंपादन रद्द केले. सह्या झाल्या, फोटो निघाले, पण नाणारला प्रकल्प उभा राहिला नाही.

मात्र उलटेही होऊ शकते. वर 'एमओयू' लिहिले म्हणून कागद आपोआप निरुपद्रवी ठरत नाही. न्यायालय शीर्षकापेक्षा आतला मजकूर बघते. त्यामुळे 'नॉन-बाइंडिंग' हा शब्द आहे का आणि कोणत्या कलमांना तो लागू नाही, हे दोन्ही बघा. गुप्तता आणि 'एक्सक्लुझिव्हिटी' ही कलमे बहुधा बंधनकारक ठेवलेली असतात. एक्सक्लुझिव्हिटी म्हणजे ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या कुणाशी बोलायचे नाही. ती मुदत सहा महिन्यांची असेल, तर तुमचा एक हंगाम गेला असे समजा.

कोणते शब्द पेनाने गोल करायचे?

• शॅल : करावेच लागेल.
• मे : केले तर केले. तुमच्या जबाबदाऱ्यांपुढे 'शॅल' आणि त्यांच्यापुढे 'मे' असेल, तर तिथेच थांबा.
• रीझनेबल एफर्ट्स : प्रयत्न करू, निकालाची हमी नाही. आपल्याकडचे 'बघूया' म्हणा ना!
• नेट प्रॉफिट : निव्वळ नफा. पण कोणते खर्च वजा करून? कंपनीची 'मॅनेजमेंट फी' आधी कापली, तर निम्म्या वाट्यात फारसे काही उरत नाही.
• जॉइंटली अँड सेव्हरली : देणे सगळ्यांचे आणि एकेकाचेही. भागीदारी कायदा, १९३२ नुसार साध्या भागीदारीत फर्मच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार असाच जबाबदार असतो. २००८ च्या कायद्याखालील एलएलपीत ही जोखीम साधारणपणे गुंतवलेल्या रकमेपुरती राहते.

नाही कसे म्हणायचे?

थेट 'नो' म्हणण्यापेक्षा अट घाला. 'इफ यू कव्हर द रिपेअर्स, वी कॅन अ‍ॅग्री टू फोर्टी पर्सेंट.' तुम्ही दुरुस्तीचा खर्च उचलला, तर आम्ही चाळीस टक्क्यांना तयार आहोत. प्रत्येक सवलतीआधी 'इफ' हवा, नाहीतर ती फुकट जाते. वेळ हवा असेल तर 'वी नीड टू रिव्ह्यू धिस विथ अवर अ‍ॅडव्होकेट' म्हणा. यात कमीपणा काहीच नाही. फोनवर ठरलेले त्याच दिवशी मेलवर कळवा : 'अ‍ॅज डिस्कस्ड टुडे...'

बाहेर पडायचे वाक्य आधी का वाचायचे?

टाटा आणि जपानची एनटीटी डोकोमो यांचे उदाहरण घ्या. २००९ मध्ये डोकोमोने टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये सुमारे २६ टक्के हिस्सा घेतला. करारातच लिहिले होते की, पाच वर्षांत ठरलेली उद्दिष्टे गाठली नाहीत, तर टाटांनी किमान निम्म्या खरेदी किमतीला ग्राहक शोधून द्यायचा. २०१४ मध्ये डोकोमोने ते कलम वापरले. परकीय चलनाच्या नियमांमुळे ठरलेल्या किमतीला रिझर्व्ह बँकेची परवानगी मिळाली नाही आणि वाद लंडनच्या लवादाकडे गेला. जून २०१६ मध्ये लवादाने डोकोमोला सुमारे ११७ कोटी डॉलर देण्याचा निर्णय दिला. एप्रिल २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीचा मार्ग मोकळा केला. धंदा बुडाला, पण त्या एका कलमाने अर्धे पैसे वाचवले.

तुमच्या मसुद्यात 'एक्झिट' किंवा 'टर्मिनेशन' हे कलम शोधा. वेगळे झाल्यावर खोल्या, फर्निचर, बोट, नाव आणि इन्स्टाग्राम पेज कुणाकडे राहणार?

मालवणच्या माणसाने आणखी काय बघावे?

• पाऊस : पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. 'मिनिमम गॅरंटी' बारा महिन्यांची असेल, तर बंद महिने वगळून घ्या.
• वादळ : 'फोर्स मेजर' कलमात चक्रीवादळाचा स्पष्ट उल्लेख हवा. मे २०२१ मधले तौक्ते आठवा.
• जमीन : जागा उपक्रमाच्या नावे करण्याऐवजी भाडेपट्ट्याने देता येते. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो.
• न्यायालय : 'एक्सक्लुझिव्ह ज्युरिस्डिक्शन, मुंबई' असेल, तर प्रत्येक तारखेला मुंबई गाठावी लागेल. सिंधुदुर्ग मागून बघा.
• भाषा : मराठी प्रत मागा. दोन प्रतींत फरक निघाल्यास कोणती ग्राह्य धरायची, हेही लिहून घ्या.

सहीआधी मसुदा वकिलाला दाखवाच. पण त्याच्याकडे जाताना गोल केलेले शब्द सोबत न्या. अंगणात काय ठरले होते, ते वकिलाला माहीत नसते. ते फक्त तुम्हाला माहीत असते.