भूर्जपत्रावरचा ठिपका आणि तीन तारखा

सप्टेंबर २०१७ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बॉडलियन ग्रंथालयाने एक निवेदन काढलं आणि शून्याचं वय एका दिवसात पाचशे वर्षांनी वाढलं. 'बख्शाली हस्तलिखित' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणिताच्या पोथीतल्या तीन पानांचं कार्बन-मापन झालं होतं. त्यांतलं एक पान इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातलं निघालं. या पोथीत शून्य लिहिलं जातं ते ठळक ठिपक्याने. ऑक्टोबरमध्ये लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये भारताच्या पाच हजार वर्षांच्या विज्ञानपरंपरेवरचं प्रदर्शन उघडलं, तेव्हा या पोथीचं एक पान तिथे मांडलेलं होतं. आपल्याकडेही बातमी उत्साहाने छापली गेली. मात्र मथळ्यात एकच तारीख आली, आणि मापनातून तर तीन तारखा निघाल्या होत्या.

आधी पोथीविषयी. पेशावरजवळ, आज पाकिस्तानात असलेल्या मर्दान भागातल्या बख्शाली गावात १८८१ साली एका शेतकऱ्याला ती जमिनीत सापडली. भूर्जपत्राची म्हणजे हिमालयातल्या भोजवृक्षाच्या सालीची पानं, त्यांवर शारदा लिपी. बरीचशी पानं हाती येईपर्यंत चुरा झाली. जी वाचली ती सत्तर, आणि त्यांतलीही अनेक तुकड्यांच्या रूपात. पुरातत्त्व खात्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या सांगण्यावरून ती कलकत्त्याला रुडॉल्फ हर्न्ले या अभ्यासकाकडे गेली. त्यांनी तिचा पहिला परिचय करून दिला आणि १९०२ मध्ये ती बॉडलियनला दिली. तेव्हापासून ती तिथेच आहे.

भोजवृक्षाच्या सालीत बेट्युलिन नावाचं द्रव्य असतं. ते पाणी आणि बुरशी दोन्हींना दाद देत नाही, म्हणूनच ही पानं इतकी शतकं टिकली. पण वाळलेली साल फार ठिसूळ होते. अशा पानाचा नमुना घ्यायचा तर तो डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढाच घेता येतो. कार्बन-मापनाच्या नव्या पद्धतीत त्वरक यंत्र वापरतात. त्यात नमुन्यातले कार्बन-१४ चे अणू थेट मोजले जातात, त्यामुळे काही मिलिग्रॅम साल पुरते.

कार्बन-१४ वातावरणात सतत तयार होत असतो. अवकाशातून येणारे किरण हवेतल्या नायट्रोजनवर आदळले की त्याचे थोडे अणू कार्बन-१४ मध्ये बदलतात, कर्बवायूतून ते झाडात जातात आणि झाडाच्या लाकडात, पानांत, सालीत बसतात. सालीचा थर एकदा तयार झाला की त्यात नवा कार्बन येणं थांबतं. असलेला कार्बन-१४ मात्र विघटित होत राहतो आणि ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. हिशेब केला तर हजार वर्षांपूर्वीच्या सालीत तो साधारण ८९ टक्के उरलेला असणार, सतराशे वर्षांपूर्वीच्या सालीत साधारण ८१ टक्के. सात शतकांचं अंतर ओळखायचं ते या आठ टक्क्यांच्या फरकावरून! शिवाय हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण प्रत्येक शतकात सारखं नव्हतं. म्हणून वृक्षांच्या वार्षिक वलयांवरून बनवलेल्या आलेखाशी हे उत्तर ताडून पाहावं लागतं. त्यामुळे शेवटी एक वर्ष हाती येत नाही, एक कालखंड येतो.

बख्शालीच्या तीन पानांचे कालखंड असे आले: सोळावं पान इ.स. २२४ ते ३८३, सतरावं ६८० ते ७७९, तेहेतिसावं ८८५ ते ९९३. एका पोथीची पानं सहा-सात शतकांच्या अंतराने!

ग्रंथालयाने याचा अर्थ असा लावला, की वेगवेगळ्या काळातली पानं कधीतरी एकत्र आली आणि त्यांतलं सर्वांत जुनं पान शून्याचा सर्वांत जुना पुरावा ठरतं. गणितज्ञ मार्कस द्यू सॉटॉय यांनी या निष्कर्षाचं जाहीर स्वागत केलं. मात्र त्याच वर्षी किम प्लॉफ्कर, अगाथ केलर, तकाओ हायाशी, क्लेमन्सी मॉन्टेल आणि डॉमिनिक वुजास्टिक या पाच अभ्यासकांनी त्याला लेखी हरकत घेतली. हायाशींनी तर १९९५ मध्ये या पोथीची संपूर्ण संपादित आवृत्ती काढलेली. तिचं अक्षर न् अक्षर त्यांच्याइतकं ओळखणारा माणूस क्वचितच सापडेल. या पाचही जणांचं म्हणणं सरळ होतं. मापलेल्या पानांवरचं वळण एक, मांडणी एक, विषयाचा ओघ एक. ग्रंथ एकसंध आहे. मग लिहिण्याची तारीख सर्वांत नव्या पानाच्या आधीची असूच शकत नाही.

मला ही हरकत पटते. कार्बन-मापन सालीचं वय सांगतं. शाई कधी उमटली ते सांगत नाही. उलट बाजूने, पाचशे वर्षं कोरी राहिलेली ठिसूळ साल कुणी लेखनाला घेईल, हेही गळी उतरत नाही. म्हणजे तीनपैकी एखादं मापनच पुन्हा तपासायला हवं, हे तेव्हाच दिसत होतं. पुढे २०२४ मध्ये बॉडलियनने सुधारित कालखंड जाहीर केला: इ.स. ७९९ ते ११०२. स्वतःच्या गाजलेल्या निवेदनाला मागे सारणारा आकडा त्याच ग्रंथालयाने लोकांपुढे ठेवला, याचं मोल मोठं आहे. त्या आकड्याला मात्र आपल्याकडे पहिल्या बातमीइतकी जागा मिळाली नाही, याचं वाईट वाटतं.

'सर्वांत जुनं शून्य' हा मान गेला, तर पोथीचं महत्त्व कमी झालं का? मुळीच नाही. लेखी शून्याचे पक्क्या तारखेचे पुरावे आपल्याकडे आहेतच. कंबोडियातल्या एका शिलालेखात शक ६०५ हा आकडा मधल्या ठिपक्यासह कोरलेला आहे. आपल्या पंचांगातला शक तोच. इसवी सनात ६८३. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ.स. ८७६ च्या लेखात देवाला दिलेल्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५०, या दोन्ही आकड्यांत शून्य स्पष्ट दिसतं. त्याहीआधी, इ.स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम लिहून ठेवले. रिकामी जागा दाखवणारं चिन्ह वेगळं आणि ज्याच्याशी व्यवहार करता येतो अशी संख्या वेगळी. बख्शालीतला ठिपका कुठल्या पायरीवरचा, हा प्रश्न त्याच्या तारखेपेक्षा अधिक खोल आहे. पाचही अभ्यासकांच्या मते तिथली गणितं शून्याला संख्या मानल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. त्याच पोथीत तोच ठिपका अज्ञात राशीसाठीही येतो, जिथे आपण आज 'क्ष' लिहू.

आणि गणितं तरी कसली सुरेख! एका उदाहरणात तीन व्यापारी आहेत. एकाकडे एका जातीचे सात घोडे, दुसऱ्याकडे वेगळ्या जातीचे नऊ घोडे, तिसऱ्याकडे दहा उंट. प्रत्येकजण आपल्याकडची दोन जनावरं देतो, उरलेल्या दोघांना एकेक. त्यानंतर तिघांची मालमत्ता सारखी होते. तर प्रत्येक जनावराची किंमत काय? पोथीतलं उत्तर आहे ४२, २८ आणि २४. पडताळून पाहा: पहिल्याकडे पाच घोड्यांचे २१०, त्यात २८ आणि २४ मिळवले की २६२. दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचेही २६२ च भरतात.

पूर्ण वर्ग नसलेल्या संख्येचं वर्गमूळ काढण्याची रीतही पोथीत आहे. ४१ घ्या. जवळचा वर्ग ३६, त्याचं मूळ ६, बाकी ५. पाचाला बाराने भागून ते सहात मिळवायचं, ६.४१६७ येतात. मग त्या अपूर्णांकाच्या वर्गाला या उत्तराच्या दुपटीने भागून येणारी दुरुस्ती वजा करायची. उत्तर ६.४०३१४, आजचं गणकयंत्र ६.४०३१२ दाखवतं. हे सगळं दशांश चिन्हाशिवाय, एकाखाली एक लिहिलेल्या अपूर्णांकांत केलेलं. पोथीतली मांडणीही पाहण्याजोगी आहे: आधी सूत्र, मग उदाहरण, मग आकड्यांची स्थापना, मग रीत, आणि शेवटी उत्तराचा ताळा. अंकानंतर अधिक चिन्हासारखी खूण दिसली, तर ती संख्या ऋण समजायची. आजच्या विद्यार्थ्याला इथे हमखास ठेच लागेल!

प्रदर्शनातल्या पाटीवर एवढं सगळं मावत नाही, हे मान्य. तरी अशा पानाशेजारी कालखंड लिहिताना सालीचं वय आणि लेखनाचं वय या दोन स्वतंत्र ओळी असाव्यात, आणि ताजं मापन पुढे आलं की पाटी बदलावी, असं मला मनापासून वाटतं. शाळेतून आलेल्या मुलांना भौतिकशास्त्र आणि लिपीशास्त्र एकमेकांना कसं तपासतात, हे तिथल्या तिथे दिसेल.

पोथीच्या पानांचा क्रमही अजून वादाचाच आहे. ती विस्कटलेल्या अवस्थेत सापडली. हर्न्ले यांनी एक क्रम लावला, जी. आर. के यांनी १९२७ च्या आवृत्तीत तिचा काळ बाराव्या शतकापर्यंत खाली आणला, पुढे हायाशींनी मजकुराच्या आधारे पानं नव्याने लावली. काही सूत्रांना मूळचे क्रमांक आहेत, बऱ्याच ठिकाणी ते कडेबरोबर झिजून गेले आहेत. पोथीची छायाचित्रं बॉडलियनच्या डिजिटल संग्रहात आहेत. शारदा लिपी शिकायची तयारी असलेल्या नाशिकच्या किंवा सोलापूरच्या एखाद्या विद्यार्थिनीला ती पानं घरबसल्या उघडून सूत्रांचा ओघ स्वतः जुळवून पाहता येईल.