‘किती’ आणि इंग्रजीतील गणनीयता
मराठीतील ‘किती’ लिंगवचनानुसार बदलत नाही. ‘किती आंबे’ आणि ‘किती पाणी’ दोन्ही रूढ. इंग्रजीत मात्र गणनीय नामाच्या अनेकवचनापूर्वी ‘हाउ मेनी’, अगणनीयापूर्वी ‘हाउ मच’. हा नियम अध्येता सहज आत्मसात करतो. खरी अडचण नामाच्या वर्गीकरणाची आहे. ‘पैसे किती झाले?’, ‘तांदूळ किती घेतले?’ येथे मराठी क्रियापद अनेकवचनी. परंतु ‘मनी’ व ‘राइस’ अगणनीय, म्हणून ‘हाउ मच’. हिंदीतील ‘कितना-कितने’ हा भेदही साह्यभूत होत नाही. पैसे तेथेही ‘कितने’च. सबब नामांच्या याद्या पाठ करवण्यापेक्षा अध्यापनाचा आरंभ अशा मराठी अनेकवचनांपासून करणे सयुक्तिक ठरेल. ‘बातम्या’, ‘सल्ले’ यांचीही हीच गत. परिमाण मध्ये येताच मात्र त्याच तांदळाविषयी ‘हाउ मेनी किलोज’ असे विचारले जाते.