‘चरस’ : चोरट्या व्यापाराच्या पटामागील विस्थापितांची कथा

हिंदी चित्रपटसृष्टीशी बेने इस्राएलांचे नाते केवळ प्रेक्षकांचे नाही. १९३१ साली ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाचे लेखन करणारे जोसेफ डेव्हिड आणि १९५४ च्या ‘बूट पॉलिश’ मध्ये जॉन चाचा रंगविणारे डेव्हिड हे दोघेही आपल्यापैकीच. त्यामुळे हिंदी चित्रपटाकडे आपण काहीशा घरच्या माणसाच्या नजरेने पाहतो. त्या नजरेने पुन्हा पाहावा असा एक चित्रपट म्हणजे रामानंद सागर यांचा १९७६ सालचा ‘चरस’.

अमली पदार्थांची चोरटी वाहतूक, परदेशातील पाठलाग आणि हाणामारी असा हा मसाला. धर्मेंद्र व हेमा मालिनी ही जोडी, अजित यांचा रुबाबदार खलनायक कालीचरण, ‘शोले’ नुकताच गाजविलेले अमजद खान, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे संगीत आणि आनंद बक्षी यांची गीते. टॉम ऑल्टर यांचे पडद्यावरील पदार्पणही याच चित्रपटातले. करमणुकीची एवढी सामग्री असताना त्यात गंभीर असे काय आहे, असे कोणी विचारील. उत्तर कथेच्या आरंभातच आहे.

कथेचा नायक सूरज युगांडात स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबातला. ४ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीनने आशियाई रहिवाशांना देश सोडण्याचे फर्मान काढले. मुदत दिली अवघी नव्वद दिवसांची. पिढ्यान्‌पिढ्यांची दुकाने, घरे व शेती मागे टाकून हजारो कुटुंबे बाहेर पडली. त्यांतील सुमारे २७ हजार माणसे ब्रिटनमध्ये गेली, काही भारतात आली, उरलेली जगभर पांगली. युगांडाचे नाव आपल्यालाही परके नाही. त्याच वर्षाच्या वसंत ऋतूत अमीनने इस्राएली तज्ज्ञांना हाकलून दिले होते आणि ‘चरस’ प्रदर्शित झाला त्याच १९७६ साली, ४ जुलैला, एंटेबेच्या विमानतळावरून आपल्या सैनिकांनी ओलिसांची सुटका केली.

हा आरंभ निव्वळ योगायोगाने सुचलेला वाटत नाही. रामानंद सागर यांचा जन्म १९१७ साली लाहोरजवळचा. १९४७ च्या फाळणीत त्यांनाही जन्मभूमी सोडावी लागली आणि त्या होरपळीवर त्यांनी ‘और इन्सान मर गया’ ही कादंबरी लिहिली. पुढे ‘आँखें’ सारखा हेरपट आणि दूरदर्शनवरील ‘रामायण’ यांमुळे त्यांचे नाव घरोघर गेले. परंतु उखडलेल्या माणसाचे दुःख त्यांना ऐकीव नव्हते.

हे ध्यानी घेतले म्हणजे चित्रपटातील गुन्हेगारीचा अर्थ बदलतो. नायिका सुधा ही नर्तकी. परक्या मुलुखात, आप्तांपासून दूर, ती टोळीच्या धाकाखाली सापडलेली आहे. वरून प्रतिष्ठित दिसणारा कालीचरण माणसे कोठून मिळवितो? ज्यांच्या पाठीशी घर नाही, शेजार नाही, हाक मारावी असे कोणी नाही, अशांतून. चोरट्या व्यापाराला माल लागतो तसा एकाकी माणूसही लागतो, हे या चित्रपटाने नकळत सांगून ठेविले आहे.

चरस म्हणजे गांजाच्या झाडाची राळ. चित्रपट निघाला तेव्हा भारतात या व्यापारावर १९३० चा जुना कायदा लागू होता. त्यात पहिल्या अपराधास जास्तीत जास्त तीन व पुन्हा केलेल्या अपराधास चार वर्षे कैद होती. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम आला तो १९८५ साली. त्याने चरसच्या व्यापारास दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी ठरविली. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षेचे प्रमाण मालाच्या वजनाशी जोडले गेले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : ज्या काळी कायद्याचा हात दुबळा होता, त्या काळी प्रेक्षकाला न्याय मिळाला तो नायकाच्या मुठीतून.

चित्रपटाची उणीवही येथेच आहे. खलनायक पडला की प्रश्न मिटला, असे मानून आपण घरी जातो. व्यसनात सापडलेल्या मुलाच्या आईची रात्र मात्र अशा शेवटाने सरत नाही. तिला शेजारणीचा आधार, वैद्याचा सल्ला आणि समाजाचे मौन नव्हे तर सोबत हवी असते.

आपण भारत सोडला तो कोणाच्या फर्मानाने नव्हे. एलोहीमच्या कृपेने, स्वेच्छेने या भूमीत आलो. तरीही दिमोना, लोद वा अश्दोद येथे प्रथम आलेल्यांना भाषा व रोजगार यांच्या अडचणीत एकटेपण कसे असते हे कळले. त्या दिवसांत सिनेगॉग, मलीद्याचे ताट आणि मराठी बोलणारी शेजारीण यांनीच आपल्याला सावरले. नव्या पिढीतील एखादा तरुण सणावारी दिसेनासा झाला, तर त्याची निंदा करण्यापूर्वी त्याच्या दारावर थाप द्यावी. कालीचरणाला जेथे शिरकाव मिळतो ती फट बुजविण्याचे काम पोलिसांआधी आपले आहे.