सगळीकडे आढळणारा सरडा

परवा भिलाईत आमच्या सेक्टरमागचं झुडपी रान जेसीबीनं सपाट केलं. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘सरडेच तर होते, ते काय सगळीकडे असतात.’ कॉलेजात सरड्यांवर प्रकल्प मागितला, तेव्हा आमच्या सरांनीही हेच ऐकवलं होतं.

दोघांचंही चुकलं, हे सांगायला २०१६ पासूनचं दशक पुरेसं आहे. त्याआधीचा काळ कंटाळवाणा. १८०२ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ दोदँनं बागेतल्या सरड्याला ‘व्हर्सिकलर’ ठरवलं, १८२९ मध्ये क्युव्हिएनं गळ्याला पंखा असलेल्याला पाँडिचेरीवरून ‘पाँटिसेरियाना’ म्हटलं, आणि पुढे देशभर जो दिसेल तो याच नावांत कोंबला गेला. १८७० मध्ये जेर्डननं वेगळा नोंदवलेला दख्खनचा सरडासुद्धा.

मग २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी, अमोद झांबरे, हर्षल भोसले, प्रवीण करंथ आणि सहकाऱ्यांनी डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासून पंखावाल्या सरड्यांच्या पाच नव्या प्रजाती मांडल्या. जेर्डनचा सरडाही स्वतंत्र ठरला. नवी जीनसही (प्रजातींच्या वरचा गट) निघाली आणि तिला आपलं मराठी नाव मिळालं: सरडा. त्यातला ‘सुपर्बा’ साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरचा. उन्हाळ्यात नर दगडावर चढून निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवतो. ते पाहिल्यावर याला कुणी ‘सामान्य’ कसं म्हणालं, याचा मला राग आला. आणि या पठारावर पवनचक्क्या! २०१८ च्या अभ्यासात दिसलं, की चक्क्यांजवळ शिकारी पक्षी घटले, सरडे वाढले, पण ते रोडावलेले होते, त्यांचे रंग फिके पडले होते, माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते.

२०२१ मध्ये बागेतल्या सरड्याची पाळी आली. गौरांग गोवंडे, सौनक पाल, कार्तिक शंकर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातल्या एका ‘व्हर्सिकलर’चे चार केले: व्हर्सिकलर, व्हल्टुओसस, इरावदी, फारूकी. खरा व्हर्सिकलर कोणता, याचा वाद उरू नये म्हणून पुदुच्चेरीचा नमुना प्रमाण ठरवला.

इतकं होऊनही सरकारी नकाशात झुडपी माळ ‘पडीक’च. ‘सगळीकडे असतो’ म्हणून सरड्याला कुणी वाली नाही, आणि ‘पडीक’ म्हणून त्याच्या जागेलाही नाही. अभ्यासही अजून संपलेला नाही. प्रजाती ओळखायला बऱ्याचदा वापरतात तो मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो; दोन प्रजाती जिथे भेटतात तिथे संकर होतो का, हे कळायला केंद्रकातली जनुकंही वाचावी लागतात. आमच्याकडे अशा प्रजाती कुठे भेटतात का, हे पाहायला राजनांदगाव, दुर्गपासून पूर्वेकडे महानदीच्या काठाकाठानं नमुने घ्यायला हवेत. रायपूर-बिलासपूरच्या विद्यापीठांनी हे काम हाती घ्यावं, आणि ते पुरं होईपर्यंत जमीन सपाट करायची परवानगी देण्याआधी तिथले सरडे तपासावेत.