न्युरेंबर्गचीं चित्रें

छायाचित्र खोटें बोलत नाहीं, असें आपण सहज म्हणतों. पण तें आपण होऊन कांहींच बोलत नाहीं, हें विसरतों. जर्मनींत न्युरेंबर्ग येथें २० नोव्हेंबर १९४५ रोजीं नाझी पुढाऱ्यांवर खटला सुरू झाला. त्यांतील एक साक्ष या दृष्टीनें मननीय आहे.

फ्रान्सिस्को बोइश हा स्पॅनिश छायाचित्रकार माउथाउझेनच्या छळछावणींत कैदी होता. छावणींतील अधिकाऱ्यांसाठीं काढलेल्या छायाचित्रांचीं निगेटिव्हें त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं जिवावर उदार होऊन लपविलीं. जानेवारी १९४६ मध्यें तीं छायाचित्रें न्यायालयापुढें आलीं. त्यांत कोण दिसतो, काय चाललें आहे, हें बोइशनें एकेक करून सांगितलें. छावणींत येऊन गेलेला आरोपी म्हणून त्यानें श्पेअरकडे बोट दाखविलें. तेव्हां त्या मुक्या कागदांना वाचा फुटली.

मग चित्रकारानें काय साधलें? इंग्लंडच्या लॉरा नाइट यांनीं १९४६ मध्यें त्याच न्यायालयांतील आरोपींचें चित्र रंगविलें. त्यांत मागील भिंत विरून जाते आणि तेथें जळणारें, उद्ध्वस्त शहर दिसतें. तें दृश्य दालनांत कोणत्याहि कॅमेऱ्यास मिळालें नसतें. पण खटला कशासाठीं चालला होता, हें त्यावांचून उमजत नाहीं.

म्हणून मुलांना अशीं चित्रें दाखवितांना तीं कोणीं, केव्हां व कोठें काढलीं, हें आधीं सांगावें. साक्षीदार हरवला, कीं पुरावा नाकारणें सोपें होतें.